ओटा हवा घराजोगा

मैत्रिणींनो, लोणची-मुरांबे, भरतकाम, बाळाची दुखणी हे आपले नेहमीचे विषय. आज मात्र मी संगणकाबद्दल लिहिणार आहे. लगेच पान उलटू नका! घरात शिकणारी लेक किंवा सून असेल, तर हा विषय तुमच्याही दाराशी आलाच आहे.

दाराशी म्हटलं खरं, पण आमच्या शनिशिंगणापुरात घराला चौकट असते, दार नसतं. २०११ मध्ये युको बँकेनं इथं शाखा उघडली, तीही बिनकुलपाची! म्हणून सूनबाई म्हणाली, "आई, लिनक्सच्या आतली घडण कुणालाही उघडून पाहता येते, बदलता येते," तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं ते सुरू केलं आणि जगभरच्या लोकांनी वाढवलं.

आमची सून बी.सी.ए. झालेली. लग्नानंतर प्रोग्रॅमिंग सुटू नये, पुढं घरबसल्या चार पैशांचं काम मिळावं, एवढीच तिची इच्छा. घरात होता तो दुकानाच्या हिशेबाचा जुना, चार जीबी मेमरीचा संगणक. त्यावर लिनक्स मिंट घातलं. कुणीतरी सांगितलं म्हणून एक मोठं नावाजलेलं साधन तिनं घेतलं. ते सुरू होईस्तोवर दुपारचा मोकळा वेळ निम्मा संपायचा. "नवा संगणक घ्या, नाहीतर नाद सोडा," असा सल्ला मिळाला. पोर हिरमुसली. पण दोन्हींची गरज नव्हती. नड होती ती जोडी जमवण्याची.

प्रोग्रॅम लिहायचा, तपासायचा, चालवायचा, चुका शोधायच्या. ही सारी कामं एका जागी करता येतात त्या साधनाला आयडीई म्हणतात. आपला स्वयंपाकाचा ओटाच म्हणा ना! आणि डेस्कटॉप म्हणजे ते स्वयंपाकघर. लिनक्समध्ये हे स्वयंपाकघर एकाच तऱ्हेचं नसतं. केडीई १९९६ मध्ये सुरू झालं, ग्नोम १९९७ मध्ये. शिवाय एक्सएफसीई, सिनॅमन अशी आणखीही आहेत. ग्नोम, एक्सएफसीई, सिनॅमन यांची बांधणी जीटीके नावाच्या सामानातून होते, तर केडीईची क्यूटीमधून. एका घरात दुसऱ्या घरचा ओटा बसवला तर चालतो, पण तो आपली वीट-वाळू बरोबर घेऊन येतो. डिस्कवर जागा अडते, मेमरी जास्त लागते, आणि दिसायलाही तो परका वाटतो.

तेव्हा निवड अशी करा:

केडीई असेल तर साध्या कामाला केट आणि मोठ्या कामाला केडेव्हलप.

ग्नोम असेल तर ग्नोम बिल्डर. त्या डेस्कटॉपसाठीच प्रोग्रॅम लिहायचे असतील तर विशेष सोयीचा.

एक्सएफसीई आणि जुना संगणक असेल तर जीनी. आटोपशीर, चटकन उघडणारं.

नुकतंच पायथन शिकायला घेतलं असेल तर थॉनी. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात ते तयार झालं. प्रोग्रॅम एकेक पायरीनं कसा चालतो, ते दाखवतं.

व्हीएस कोड सगळ्या डेस्कटॉपवर सारखंच दिसतं आणि सोयीही भरपूर. पण त्याच्या पोटात ब्राउझरचं यंत्र असतं, म्हणून मेमरी जास्त लागते. आठ जीबी असेल तर खुशाल घ्या.

आमच्याकडे एक्सएफसीई होतं, म्हणून जीनी आलं. आता एफ पाच कळ दाबली की सूनबाईचा प्रोग्रॅम लगेच चालतो, आणि चहाचं आधण उकळेपर्यंत एखादी चूकही सापडते!

निवडण्याआधी तीन गोष्टी करा. सिस्टीम मॉनिटर उघडून साधन सुरू असताना मेमरी किती भरते ते पाहा. "ज्ञानेश्वरी" हा शब्द टंकून पाहा. आमच्या नेवासे तालुक्याचा तो मानाचा शब्द, पण जोडाक्षरांची परीक्षाही चांगली होते. आणि साधन लिनक्सच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर भांडारातूनच घ्या, भलत्या ठिकाणाहून नको. कुलूप नाही म्हणून घर राखायचं नाही, असं थोडंच आहे?

शिकायला पैसे नसतील तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात, तेही फुकट.

२०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या गावात बायका शनिदेवाच्या चौथऱ्यावर चढल्या. त्यापुढं संगणकाची पायरी ती काय मोठी! लेकीसुनेला महागडं यंत्र घेऊन देणं सगळ्यांनाच जमत नाही. पण आहे त्या यंत्राला साजेसं साधन आणि दुपारचा एक निवांत तास, एवढं तर आपल्याला देता येईल ना?