वेगळी कपबशी

इंदूरच्या अन्नपूर्णा मंदिरातील घंटानाद कानी पडावा इतक्या अंतरावर आमचे बिऱ्हाड आहे. साक्षात शंकर जिच्या दारी भिक्षेसाठी उभा राहिला आणि जिने काही न विचारता त्याची झोळी भरली, त्या देवतेच्या शेजारात आमचा निम्मा जन्म गेला. तरीही आमच्याच घरातील एका कपबशीची गोष्ट आज वाचकांपुढे मांडणे आम्हांला भाग आहे.

गेल्या पावसाळ्यात आमचे एक स्नेही निवर्तले. ते आमच्या शाळेत गणित शिकवीत. कुटुंब मराठी ख्रिस्ती. आजोबा अहमदनगरकडून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून, नोकरीनिमित्त माळव्यात आलेले. ‘अहिल्याबाई आमच्याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या, तेव्हा इंदूरवर पहिला हक्क आमचा,’ अशी त्यांची नेहमीची थट्टा असे.

दर शनिवारी शाळा सुटल्यावर ते आमच्याकडे चहाला येत. आमच्या मातोश्री जुन्या वळणाच्या. निळ्या फुलांची एक कपबशी त्यांनी खिडकीतल्या कोनाड्यात निराळी ठेवली होती. स्नेही चहा घेत, उठून नळाखाली ती कपबशी विसळीत आणि पुन्हा कोनाड्यात ठेवीत. हे वर्षानुवर्षे चालले. मातोश्री बोलल्या नाहीत, ते बोलले नाहीत आणि आम्हीही बोललो नाही.

खेदाची गोष्ट अशी की, आम्ही अजाण नव्हतो. एम. ए. च्या अभ्यासात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आम्ही आवडीने वाचली होती. १८९५ साली रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी लक्ष्मीबाईंचे सोवळे लगेच सुटले नव्हते. पुढे जातिभेद हा देवाने नव्हे, माणसाने केला, हे त्यांना मनोमन पटले आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्या तयार झाल्या. या प्रसंगाची थोरवी आम्ही परीक्षेत पानभर वर्णिली आणि शनिवारी घरी येऊन कोनाड्याकडे पाठ करून बसलो.

मातोश्री गेल्या, तेव्हा ती कपबशी आम्ही गुपचूप फळीवरच्या इतर कपबश्यांत मिसळून टाकली. पुढल्या शनिवारी स्नेह्यांनी हातातला साधा पांढरा कप क्षणभर न्याहाळला, चहा घेतला आणि सवयीने नळाकडे गेले. ‘राहू द्या’ एवढेच आम्ही म्हणालो. त्याहून अधिक बोलण्याचा धीर झाला नाही.

त्यांच्या स्मरणार्थ चर्चमध्ये उपासना झाली, तिला आम्ही सहकुटुंब गेलो. वेदीपाशी त्यांचा फोटो आणि पांढरी फुले होती. प्रार्थना झाली, तेविसावे स्तोत्र वाचले गेले. पाळकांनी हिंदीतून सांगितले, की आपण येथे केवळ शोक करण्यास नव्हे, तर या आयुष्याबद्दल देवाचे उपकार मानण्यास जमलो आहोत. नंतर घरच्यांच्या इच्छेनुसार टिळकांचे एक मराठी गीत म्हटले गेले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक मानीत. त्या गीताची चालही आम्हांला एखाद्या भजनासारखी ओळखीची वाटली.

मग आठवणी सांगण्यासाठी एकेकाला बोलावण्यात आले. आमच्या वाट्याला तीन मिनिटे होती. आम्ही त्यांच्या वक्तशीरपणाविषयी बोललो, फळ्यावरच्या रेखीव आकड्यांविषयी बोललो. कपबशी ओठांपर्यंत आली आणि परतली. जागेवर येऊन बसलो, तेव्हा लक्ष्मीबाईच पुन्हा आठवल्या. १९१९ साली टिळक गेले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते; शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी ते महाकाव्य पुरे केले. आणि आम्हांला, एका मुख्याध्यापकाला, एक वाक्य पुरे करता आले नव्हते!

उपासनेनंतर अंगणात चहा होता. वहिनींनी स्वतः कप आणून दिला. तेव्हा मात्र आम्हांला राहवले नाही. आम्ही सारे सांगून टाकले.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, “भाऊजी, त्यांनी पहिल्याच शनिवारी घरी येऊन मला हे सांगितलं होतं. म्हणाले होते, ‘कपबशी निराळी असली, तरी आईंनी आलं मात्र हात राखून घातलं नव्हतं.’ आईंवर त्यांचा राग नव्हता हो. तुम्ही कधीतरी एक शब्द बोलाल, असं मात्र त्यांना वाटायचं.”

तो चहा आम्ही कसा संपविला, ते आमचे आम्हांला ठाऊक. रिकामा कप घेऊन आम्ही नळाकडे वळलो. वहिनींनी अडविले नाही.

स्मरणसभेत बोलायचे म्हणून आपण चांगले शब्द जपून ठेवतो. परंतु ज्याला ते ऐकायचे असतात, तो त्या दिवशी श्रोत्यांत नसतो. वाचकहो, तुमच्या घरी असा एखादा कोनाडा असेल, तर येत्या शनिवारीच बोला.