दोन नांवांची चिठ्ठी

आमच्या हाताखालील आठव्या इयत्तेंतील प्रत्येक विद्यार्थ्यास आम्ही पुरतें ओळखतों, असा आमचा बरेच दिवसांचा समज होता. गतवर्षीं एका कागदानें तो खोटा ठरविला.

जेकब मोरेनो नांवाच्या मनोवैद्यानें अमेरिकेंत १९३२ च्या सुमारास एक साधी रीत काढिली. ब्रुकलिन येथील शाळेंत, शेजारीं कोण बसावा, असें त्यानें मुलांस विचारलें. हडसन येथील सुधारशाळेंत, एका घरांत कोणाबरोबर राहणें आवडेल, असें मुलींस विचारलें. उत्तरांवरून वर्तुळें व बाण यांचा नकाशा तो काढी. १९३४ सालीं हें सर्व त्यानें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. मुलांच्या परस्परसंबंधांचा शोध घेणारे ही रीत अद्यापि वापरतात.

आम्हांसही हुरूप आला. प्रत्येकानें दोन नांवें चिठ्ठीवर लिहून द्यावीं व ती कोणास दाखवूं नये, असें वर्गांत सांगितलें. रात्रीं नकाशा काढावयास बसलों. ज्या खोडकर मुलास आम्ही आठवड्यांतून दोनदां तरी बाकावर उभा करीत असूं, त्याच्याकडे नऊ बाण! (किंचित् मत्सर वाटला, हें कबूल करतों.) आणि एका वर्तुळाकडे एकही नाहीं. तो मुलगा आमचा अत्यंत विश्वासू, शांत व वक्तशीर. त्याच्याच अनुमतीनें हें लिहीत आहों.

यास मिसळण्याची कला अवगत नाहीं, असें आम्हीं तत्काळ ठरविलें. दुसऱ्या दिवशीं त्यास एकीकडे बोलावून सलोख्यानें कसें वागावें, यावर पाऊण तास व्याख्यान दिलें. त्यानें सर्व मुकाट्यानें ऐकलें, आणि जातां जातां म्हटलें, "सर, पण बोलणाऱ्यांचीं नांवें फळ्यावर मीच लिहितों ना?"

जून महिन्यापासून वर्गाबाहेर जातांना आम्ही खडू त्याच्याच हातीं देत आलों होतों. शिक्षा आम्ही केल्या; राग सांचला तो त्याच्यावर. नकाशा कोण एकटा आहे एवढेंच दाखवितो; तो एकटा कां पडला, हें त्यांत लिहिलेलें नसतें. तें आम्हीं त्याला विचारावयाचें, तें सोडून त्यालाच उपदेश केला!

खडूची ती प्रथा त्याच दिवशीं बंद झाली. त्या खोडकरास आम्हीं मुद्दाम याच्या शेजारीं बसविलें. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुनः चिठ्ठ्या घेतल्या. या खेपेस एक बाण आला. तो खोडकराचा नव्हता. मागच्या बाकावरील, क्वचित् तोंड उघडणाऱ्या एका मुलाचा होता.