रात्रीचे तीन

मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

तिसऱ्या वर्षाला आम्ही तिघींनी होस्टेलच्या मेससाठी एक अ‍ॅप बनवलं. अजून कच्चंच होतं, म्हणून फक्त आमच्या मजल्यावरच्या वीसजणींना वापरायला दिलं. कुठं अडतंय ते कळावं म्हणून कोण कधी उघडतं, कुठलं बटण दाबतं याची नोंद मी ठेवत होते, तीही नावासकट. खरं तर नुसता आकडा पुरला असता. पण नाव टाकणं सोपं पडलं!

एकदा नोंदी चाळताना दिसलं, एक मैत्रीण रोज रात्री तीनला मेसचं बिल उघडून बघते. अगदी रोज. सकाळी मी काळजीनंच विचारलं, "पैशाचं काही टेन्शन आहे का गं?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

काय सांगणार, कप्पाळ!

२०१४ साली विंडोज १० ची चाचणी आवृत्ती आली. शब्द आपोआप पुरे करणं, स्पेलिंग तपासणं सुधारावं म्हणून तुम्ही टाइप केलेली अक्षरंही आम्ही गोळा करू शकतो, असं तिच्या अटींत चक्क लिहिलं होतं. ते वाचून मी मायक्रोसॉफ्टला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. पण त्यांनी निदान लिहिलं तरी होतं. आम्ही तेवढंही नाही.

त्याच रात्री नावाचा रकाना उडवला, जुन्या नोंदी पुसल्या. काय नोंदतो ते पहिल्याच पानावर लिहिलं आणि ते बंद करायचं बटण दिलं. एकोणीसजणींनी नवं अ‍ॅप घेतलं.

तिनं काढून टाकलं. आता ती बिल मेसच्या काकांच्या वहीत बघते.