दोरीची तालीम

आमच्या उर्दू शाळेत 'तालीम' हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. तालीम म्हणजे शिक्षण. बी.एड. करताना हाच अर्थ आमच्या डोक्यात पक्का बसला. पण शाळेच्या फाटकातून बाहेर पडून डावीकडच्या बोळात शिरले, की तोच शब्द वेगळा होतो. तिथे तालीम म्हणजे तांबड्या मातीचा आखाडा, कोपऱ्यात ठेवलेले मुद्गल आणि तेलाचा वास. शब्द एकच, अरबीतून आलेला. मराठीने तो शरीराला दिला, आम्ही उर्दूवाल्यांनी पुस्तकासाठी ठेवून घेतला. शाळा आणि तालीम यांच्यामध्ये फक्त एक भिंत आहे. ती ओलांडायला आम्हाला नोकरीची बारा वर्षे लागली, आणि तीही एका सातवीतल्या मुलीमुळे.

ही मुलगी वर्गात फारशी बोलत नसे. मधल्या सुट्टीत मात्र ओढणी कमरेला गच्च बांधून व्हरांड्यात मागे वाकायची आणि दोन्ही हात फरशीला टेकवायची. इतर मुली टाळ्या वाजवायच्या. आम्ही रागवायचो, "कंबर मोडेल गं!" एक दिवस विचारले, हे शिकलीस कुठे? तिने गच्चीकडे बोट दाखवले. तिच्या घराच्या गच्चीवरून तालमीचे अंगण दिसते. तिथे शेजारच्या मराठी शाळेतले पी.टी.चे सर संध्याकाळी मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवतात. ती रोज पाहायची आणि घरी करून बघायची. म्हणाली, "टीचर, मेरेकू बी दोरी पे चढने का है."

आम्हाला शरम वाटली. शारीरिक शिक्षणाच्या तासिका आमच्याही वेळापत्रकात होत्या. पण त्या तासाला आम्ही गणित घ्यायचो, आणि निकाल चांगला लागतो म्हणून आमचे कौतुकही व्हायचे.

तिला घेऊन आम्ही तालमीत गेलो. सरांनी समजावून सांगितले. मल्लखांब तीन प्रकारचा: पुरलेला, टांगता आणि दोरीचा. मुलींचा मुख्यतः दोरीचा, आता पुरलेल्या खांबावरही मुली चढतात. दोरी सुती असते. तिला गाठ मारायची नाही. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात दोरी धरून वर जायचे, मग ती मांडीला, कमरेला वेढून आसन लावायचे आणि हात सोडून द्यायचे. आमच्या मुलीचे पाय त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "पकड चांगली होईल हिची."

पण पहिला महिनाभर त्यांनी तिला दोरीला हात लावू दिला नाही. आधी धावणे, मग सांधे मोकळे करणे, त्यानंतर ताण. थंड अंगाने ताण द्यायचा नाही, झटके मारायचे नाहीत, एका स्थितीत श्वास चालू ठेवून थांबायचे. ताण जाणवला पाहिजे, पण कळ उठली की मागे यायचे. मुलीचे पाय फाकवायला दुसऱ्याने वरून दाबायचे नाही, ही त्यांची ताकीद. वाकण्याइतकेच वजन मनगटांना आणि ताकदीला. म्हणायचे, "नुसती लवचीक मुलगी लवकर दुखावते. जिथवर वाकता येते तिथून स्वतःच्या जोरावर परत येता आले पाहिजे." आम्ही शिक्षणशास्त्राची पुस्तके पाठ करून जे शिकलो, ते हा माणूस मातीत उभा राहून करत होता: आधी पाया, मग पायरी, आणि घाई नाही.

मग पालकसभा आली. मुलगी दोरीवर चढते ही बातमी मोहल्ल्यात पोहोचलीच होती. एका पालकाने मोबाईल काढून सगळ्यांसमोर धरला. चकचकीत स्टीलचा खांब, रंगीत दिवे, अपुऱ्या कपड्यांतली एक बाई. "टीचर, येच सिखाने ले जाते क्या हमारी छोरियोंकू?" काही माना खाली गेल्या, काही हसल्या. मुलीचे अब्बा मागच्या रांगेत बसले होते. त्यांचा चेहरा आम्हाला अजून आठवतो.

आम्ही घाईने उत्तर दिले, "तोबा! तो घाणेरडा नाच आहे. हा आपला खेळ आहे." सभा शांत झाली. आम्हाला वाटले, जिंकलो.

त्या रात्री झोप आली नाही. ज्याला घाणेरडे म्हटले ते आम्ही धड पाहिलेही नव्हते. पाहिले तेव्हा तेच दिसले, जे तालमीत दिसत होते: गुडघ्याच्या मागे खांब धरून उलटे लटकलेले शरीर, दोन हातांवर आडवे तोललेले अंग. हे वर्षानुवर्षांच्या मेहनतीशिवाय होत नाही. पोल डान्स अमेरिका-कॅनडाच्या नाइट क्लबांतून पुढे आला हे खरे. पण १९९० च्या दशकापासून त्याचे व्यायामवर्ग निघाले, स्पर्धा सुरू झाल्या, आणि २०१७ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला क्रीडा संघटनांच्या तेव्हाच्या जागतिक महासंघाकडून निरीक्षकाचा दर्जा मिळाला. कपड्यांचेही एक साधे कारण कळले. धातूच्या खांबावर कापड घसरते, कातडी धरते. आमच्याकडे लाकडी खांबावर मुले लंगोट नाहीतर चड्डी लावूनच चढतात. कातडी सोलू नये म्हणून खांबाला एरंडेल लावतात. त्या मुलांना कोणी नागडे म्हणत नाही. दोरीवर मात्र सरावाला अंगभर कपडे चालतात, उलट दोरीचे वळ कमी उठतात.

आमच्या मुलींनी क्लबात जाऊन नाचावे असे आम्हाला वाटत नाही. आमच्या घरात, आमच्या दीनमध्ये हयेला जागा आहे आणि ती राहावी. पण एका मुलीची इज्जत वाचवायला न पाहिलेल्या दुसऱ्या बाईच्या अंगावर चिखल टाकावा लागतो, ही कसली तालीम? शिवाय, एकदा "तो घाणेरडा, हा चांगला" असा न्याय आपण करू लागलो, की उद्या तेच बोट आपल्या मुलीकडे वळणार, हे आम्हाला कळायला हवे होते.

अब्बांना दुसरीही शंका होती. तालमीत मारुतीची तसबीर आहे. "वहाँ नमस्कार करना पडता क्या?" आम्ही सरांना विचारले. ते म्हणाले, "दोरीला हात लावून सलाम केला तरी चालतो. आमच्या मल्लखांबात सलामी आहेच की." आणि खरेच, कसरत, कुस्ती, वस्ताद, पहिलवान, सलामी हे सगळे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने तालमीत आलेले. कोल्हापुरात बाबूजमाल तालमीसारख्या जुन्या तालमींत मोहरमचे पंजेही बसतात.

सर मुलांना मल्लखांबाची गोष्ट सांगायचे. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. पुढे तो मागे पडला. मग दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन मल्ल पुण्यात आले आणि त्यांनी आव्हान दिले. कोणी पुढे येईना. बाळंभटदादा देवधर यांनी मुदत मागितली, वणीला सप्तशृंगीच्या डोंगरात साधना केली, खांबावरच्या कसरतीने अंग घडवले आणि येऊन कुस्ती मारली, असे सांगतात. मुले टाळ्या पिटायची. एकदा आमच्या मुलीने विचारले, "सर, अली और गुलाब का आगे क्या हुवा?" सर थांबले. म्हणाले, "गोष्ट तिथेच संपते बेटा. पण ते आले नसते, तर आज ही दोरीही नसती." ती खूश झाली. आम्हीही.

आठ महिने ती गेली. अम्मी सोबत यायची, कोपऱ्यात बसून शिवणकाम करायची. मग जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी सरांनी तिचे नाव सुचवले. अब्बा म्हणाले, "सीखना था, सीख लिया. लोगों के सामने नै." अंगभर पोशाख चालेल का, हे सर चौकशी करून सांगणार होते. आम्ही अब्बांना एवढेच म्हणायचे होते, की दोन दिवस थांबा. आम्ही म्हटले नाही. पालकसभेतली ती नजर आम्हाला पुन्हा नको होती. हुजूर (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, हे आम्ही दीनियातच्या तासाला शिकवतो, मुली हसतात, आणि पान उलटतो. स्पर्धेच्या दिवशी ती आमच्यासमोर चाचणीचा पेपर लिहीत बसली होती. तिने एकदाही वर पाहिले नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा परदेशातून मुली येऊन खेळल्या. शिवाजी पार्कच्याच समर्थ व्यायाम मंदिरात आयुष्यभर हा खेळ शिकवणाऱ्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. या बातम्या आम्ही फळ्यावर लिहिल्या. लिहिताना हात थोडा जड झाला.

आता त्या मुलीने दहावी केली आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर ती येते. आमच्या व्हरांड्याच्या लोखंडी तुळईला सरांनी स्वतः तपासून दोरी बांधून दिली, खाली जाड गादी आहे. फाटक आतून बंद असते. अकरा मुली येतात, दोघींच्या आयाही. त्यातली एक परवा म्हणाली, "सजदे से उठते बखत घुटना नै दुखता अब." शारीरिक शिक्षणाच्या तासाला आम्ही आता गणित घेत नाही.

अब्बा अजून बघायला आलेले नाहीत. गुडघ्यांमुळे ते मशिदीत खुर्चीवर नमाज पढतात. गेल्या आठवड्यात फाटकाशी भेटले, इकडचे तिकडचे बोलले आणि जाता जाता हळूच म्हणाले, "टीचर, लडकी सुबू मेरे पैरां का कसरत लेती. थोडा फरक है."

आम्ही विचारणार होतो, पुढच्या स्पर्धेचे काय? या वेळी विचारले. ते काही बोलले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत.