आधी चासी, मग पाटे

अब्बांच्या इंतकालानंतर वर्षाच्या आत आम्ही वारशाची वाटणी उरकली. दादा-दादी हयात नव्हते, अब्बांवर कोणाचं कर्ज नव्हतं, त्यामुळे हिशेब सरळ होता. अम्मींचा आठवा हिस्सा बाजूला काढायचा, उरलेल्याचे पाच भाग करायचे, दोन-दोन आम्हा भावांचे आणि एक आपाचा. दापोली तालुक्यातली कलमांची बाग, घरामागचं आगर, बँकेतली रक्कम, सगळं या हिशेबात बसलं. उरली फक्त जीप. तिचे तुकडे करता येत नाहीत. विकायची आणि येईल ती रक्कम वाटून घ्यायची, असं सर्वांच्या संमतीनं ठरलं.

जीप अब्बांनी १९७८ साली सेकंडहँड घेतली होती. सीजे-३बी मॉडेल, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, चारही चाकांना ताकद, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जेमतेम ८० इंच. इंजिन उंच म्हणून बॉनेटही उंच. मूळ गाडी अमेरिकेतल्या विलीज कंपनीची, आपल्याकडे ती महिंद्रानं बनवली. या कंपनीच्या इतिहासातही एक वाटणी आहे. १९४५ साली ती सुरू झाली तेव्हा तिचं नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होतं. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. इकडे १९४८ साली कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. अब्बा हा किस्सा पाहुण्यांना हटकून सांगत.

अशा जुन्या जीपना आता शौकीन गिऱ्हाईक मिळतं. पुण्याचे एक गृहस्थ घरी आले, बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाले, “गाडी बसली आहे. पाटे बदला, तीन इंच वर उचला, रंग मारा. तुम्ही सांगाल ती किंमत देतो.” गाडी बसली होती हे खरंच होतं. सपाट जागेवर उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत टेप लावला, तर मागे ड्रायव्हरच्या बाजूला माप सव्वा इंच कमी भरलं. आंब्याच्या पेट्या आणि जांभ्याचे चिरे वाहून वाहून पाट्यांची कमान सरळ झाली होती.

आम्ही जीप उस्तादांच्या गॅरेजमध्ये नेली. उस्तादांनी अब्बांच्या वेळेपासून ती सांभाळली आहे. त्यांनी पाट्यांकडे पाहिलंच नाही. लहान हातोडी घेऊन ते गाडीखाली गेले आणि चासीवर टकटक करत पुढून मागे सरकू लागले. चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं लोखंड बद्द वाजतं. मागच्या डाव्या शॅकलच्या ब्रॅकेटपाशी आवाज बदलला. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर दाबला, तर तो आत गेला. पुढे जिथे चासीच्या पट्टीला दुसरा पत्रा जोडून बंद पेटी केलेली असते, तिथून ओंजळभर गंज आणि चिखल निघाला.

आमच्या भागात हे नवल नाही. समुद्राची खारी हवा, पावसाळ्यातला चिखल आणि किनाऱ्यावरची ओली वाळू. चासीला पाणी निघून जाण्यासाठी भोकं असतात. ती बुजली की चिखल आत बसून राहतो आणि लोखंड आतून खातो. बाहेरून रंग शाबूत दिसतो.

आमचे एक चुलतभाऊ सोबत होते. ते म्हणाले, “वरून पत्रा चिकटवा, काळा रंग मारा. गिऱ्हाईक काही खाली झोपून बघणार नाही. नवे पाटे दिसले की खूश होईल.” आम्हा भावांपैकी कोणी लगेच बोललं नाही. रक्कम मोठी होती. रात्री आपाला फोन लावला. तिनं एकच विचारलं, “त्यांची मुलंबाळं त्या गाडीत बसणार आहेत ना?” अम्मी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “तुमच्या अब्बांनी आयुष्यभर आंबा विकला. पेटीत वर मोठं फळ आणि खाली बारीक, असं कधी केलं नाही. ही पण पेटीच समजा.” ऐब लपवून विकलेला माल जायज नाही, हे आम्हा सर्वांना लहानपणापासून ठाऊक आहे. पण ठाऊक असणं वेगळं आणि हातातल्या रकमेसमोर ते पाळणं वेगळं. दुरुस्तीचा खर्च वाटणीच्या आधी जीपच्या रकमेतून वजा करायचा, याला चौघांनी होकार दिला आणि काम सुरू झालं.

चासी आधी का, हे उस्तादांनी समजावलं. खड्ड्याचा दणका आधी पाटा सोसतो. तो लवतो, म्हणून चासी वाचते. पाटा कडक केला की तोच दणका ब्रॅकेटमधून थेट चासीत जातो. सडलेल्या चासीवर कडक पाटे बसवले, तर एखाद्या वळणावर ब्रॅकेट उखडून चाक तिरकं होऊ शकतं. म्हणजे नव्या पाट्यांनी गाडी चांगली दिसली असती आणि जास्त धोक्याची झाली असती.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढली. पेट्रोलची टाकी या जीपमध्ये पुढच्या सीटखाली असते, तीही उतरवून लांब ठेवली. मग मोजमाप झालं. पाट्यांच्या बोल्टपासून ओळंबा सोडून जमिनीवर खडूनं खुणा केल्या आणि दोन्ही कर्ण मोजले. दोन्ही सारखे असतील तर चासी चौरस आहे, कमीजास्त असतील तर ती वाकली आहे. आमची सरळ निघाली, अल्हम्दुलिल्लाह. सडलेला भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापला आणि तेवढ्याच जाडीचा तुकडा बसवला. जोड सरळ उभ्या रेषेत न घेता तिरका घेतला, म्हणजे सगळा ताण एका रेषेवर येत नाही. एका ठिकाणी बारीक चीर होती. तिच्या टोकाला भोक पाडून ती पुढे सरकणं थांबवलं आणि मग ती भरली. चासीवर कोरलेल्या नंबरला ग्राइंडर लागू दिला नाही. तो नंबर गेला तर गाडीची ओळखच जाते.

त्यानंतर पाट्यांची पाळी आली. गिऱ्हाइकाला तीन इंच उंची हवी होती. उस्तादांनी नकार दिला. एवढ्या आखूड गाडीची उंची वाढली की ती वळणावर कलंडायला बघते, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, ब्रेकचे होज ताणले जातात. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. जाड पाटे घालायलाही ते तयार नव्हते. पाट्याची जाडी दुप्पट केली तर कडकपणा दुप्पट नव्हे, आठपट होतो. मूळ मापाचे नवे पाटे चिपळूणहून आणले. जुने पाटे तापवून कमान चढवून देणारे आहेत, पण तापवल्यावर पाणी नीट चढवलं नाही तर पाटा मऊ पडतो आणि काही महिन्यांत पुन्हा बसतो. बुश, शॅकल, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्टही नवे घेतले. यू-बोल्ट एकदा ताणला गेला की पुन्हा भरवशाचा राहत नाही. शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळले नाहीत. चारही चाकं जमिनीवर टेकल्यावर, वजन पाट्यांवर आल्यावरच आवळले. चासीला आतून-बाहेरून रेड ऑक्साइड मारला आणि पाणी जायची भोकं मोकळी ठेवली.

जोडांवर मात्र जाड काळा थर चढवला नाही. वेल्डिंगच्या रेषा दिसत राहिल्या पाहिजेत, असा आपाचा आग्रह होता. गिऱ्हाईक आले तेव्हा आम्ही त्यांना टॉर्च दिला आणि खाली पाहायला सांगितलं. कामाचे फोटो आणि पावत्याही समोर ठेवल्या. ते बराच वेळ गाडीखाली होते. वर आल्यावर त्यांनी पहिल्यापेक्षा कमी रक्कम सांगितली. आम्ही मान्य केली. खर्च वजा जाता वाट्याला कमी आलं, पण त्या रकमेबद्दल आजवर कोणी कोणापासून नजर चोरलेली नाही.

आपल्या कितीतरी घरांत अशी जुनी गाडी असते. कुणी आखाती देशातून पैसे पाठवून घेतलेली, कुणाच्या वडिलांची आठवण. तिच्यावर खर्च करायचा असेल तर रंग आणि पाट्यांच्या आधी खाली झोपून हातोडी वाजवून पाहा. विकायची असेल तर जे वाजलं ते समोरच्याला सांगा.

पुण्याला निघताना आम्ही त्यांना एक चिठ्ठी दिली. पाचशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या, ग्रीस वेळेवर द्या, पावसाळ्यानंतर चासीची भोकं तारेनं साफ करा. महिनाभरानं त्यांचा फोन आला, “बोल्ट आवळून घेतले. अर्धा फेरा बसला.” उस्तादांना हे सांगितलं, तर त्यांनी मान डोलावली आणि हातातलं काम पुढे चालू ठेवलं.