टेम्पोचा हिशोब

मी पिकअप ट्रक घेतला तेव्हा अण्णांनी परभणीहून फोनवर विचारलं होतं, "पीएचडी करून शेवटी टेम्पोच घेतलास का रे?" प्रश्न अगदीच गैर नव्हता. पुढे चार-पाच माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा, याला आपल्याकडे टेम्पोच म्हणतात. इथे युटामध्ये मात्र प्राध्यापकापासून प्लंबरपर्यंत सगळे तो चालवतात, आणि घेतल्यावर वर्षभरात त्याला 'सजवायला' लागतात. हे वेड लग्नाच्या बस्त्यासारखं असतं. एक वस्तू घेतली की तिच्या जोडीची दुसरी घ्यावीच लागते.

सजवायचं कशासाठी, तर रानात मुक्काम करण्यासाठी. अमेरिकेत 'ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट' नावाच्या सरकारी खात्याकडे सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. त्यातल्या बऱ्याच भागात कुणालाही न विचारता, एक पैसा न देता चौदा दिवसांपर्यंत तंबू ठोकता येतो. आमच्या सॉल्ट लेक सिटीपासून तीनेक तासांवर सॅन राफेल स्वेल नावाचा खडकाळ मुलूख आहे. तिथून जाणाऱ्या हमरस्त्यावर सुमारे ११० मैल ना पेट्रोल पंप, ना चहाची टपरी. हमरस्ता सोडून मातीच्या वाटेला लागलं की फोनच्या दांड्याही जातात. मागच्या सीटवर सहा वर्षांची मुलगी 'अजून किती लांब?' विचारत बसलेली असते. अशा ठिकाणी गाडीत काय घालून न्यायचं, हा खरा प्रश्न.

या प्रश्नाचं उत्तर दुकानात नसतं. ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एका छोट्या स्टिकरवर असतं. माझ्या स्टिकरवर लिहिलंय : माणसं आणि सामान मिळून ५२४ किलोपेक्षा जास्त वजन नको. बस्स. स्प्रिंगा, ब्रेक, अॅक्सल सगळ्यांचा विचार करून कंपनीने दिलेला हा आकडा. आमचं तिघांचं वजन, पोरीच्या खुर्चीसकट, १६८ किलो. राहिले ३५६.

आता मासिकातल्या फोटोत दिसतो तसा ट्रक करू. हौद्यावर फायबरचं छप्पर ८० किलो. टपावर उघडणारा तंबू ६०, त्याखालचा सांगाडा २५. पुढे पोलादी बंपर आणि विंच मिळून ९०. हौद्यात सरकते खण ९०. बॅटरीवर चालणारा फ्रिज, आतल्या जिनसांसकट, ३५. बेरीज ३८०. म्हणजे पाण्याचा एक थेंबही भरण्याआधी गाडी २४ किलोने जास्त झाली! शिवाय टपावरचा तंबू गाडीचा गुरुत्वमध्य वर नेतो, आणि आडव्या उतारावर ते फार महागात पडतं. फोटो मात्र झकास येतो, यात वाद नाही.

मी पाण्यापासून सुरुवात केली. वाळवंटात माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, असा साधारण नियम आहे. तीन माणसं, तीन दिवस, आणि अडकलोच तर आणखी दोन दिवस. झाले ५७ लिटर. मी वीस-वीस लिटरचे चार कॅन, ८० लिटर नेतो. बायको म्हणते, तू मराठवाड्याचा आहेस म्हणून. असेलही. टँकरची वाट बघत मोठा झालेला माणूस पाण्याच्या बाबतीत थोडा वेडाच असतो.

पण कारण तेवढंच नाही. १९९६ च्या जुलैमध्ये एक जर्मन कुटुंब, दोन मोठे आणि दोन मुलं, भाड्याची मिनीव्हॅन घेऊन कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत गेलं आणि नाहीसं झालं. ऑक्टोबरमध्ये अॅन्व्हिल कॅन्यन नावाच्या घळीत त्यांची व्हॅन सापडली. तीन टायर बसलेले होते. माणसांचे अवशेष सापडायला २००९ उजाडलं. त्या व्हॅनवर मी फार विचार केलाय. पोलादी बंपर असता तर काय फरक पडला असता? काही नाही. टायर, पाणी, आणि आपण कुठे आहोत हे कुणाला तरी ठाऊक असणं, या तीन गोष्टींनी पडला असता.

म्हणून पैसे आधी टायरवर घातले : जाड बाजूंचे पाच टायर. पाचवा स्टेपनी, तोही पूर्ण आकाराचा. सोबत पंक्चर काढायचं सामान आणि हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर. मातीची वाट लागली की मी टायरमधली हवा ३५ पौंडांवरून २० वर आणतो. वजन तेवढंच आणि दाब कमी, म्हणजे जमिनीला टेकणारा भाग वाढणार, सरळ गणित. चाक उंटाच्या पावलासारखं पसरतं, वाळूत रुतत नाही, आणि टोकदार दगडावर रबर फाटण्याऐवजी त्याला कवेत घेतं. परत डांबरी रस्त्याला लागलं की थांबून चारही चाकांत हवा भरायची, कारण कमी हवेचा टायर वेगात तापून फुटू शकतो. पंधरा-वीस मिनिटं जातात. तेवढ्यात स्टोव्हवर चहा होतो.

विंच घेतली नाही. त्याऐवजी एक फावडं, चाकाखाली सारायच्या खाचेदार फळ्या, ताणला जाणारा पट्टा आणि दोन शॅकल. इथे एक गोष्ट ठासून सांगतो. ट्रेलर ओढायला गाडीच्या मागे जो लोखंडी गोळा असतो, त्याला असा पट्टा कधीही अडकवू नये. झटक्याने तो तुटतो आणि तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. त्याने माणसं मेलेली आहेत. पट्टा अडकवायचा तो चासीला पक्क्या बसवलेल्या हुकालाच.

चिखलाचं शिक्षण मात्र मला घरीच झालं होतं. इथल्या काही वाटा बेंटोनाइट मातीच्या आहेत. कोरड्या असताना सिमेंटसारख्या, पाऊस पडला की साबण. फोर व्हील ड्राइव्ह असो की आणखी काही, चाकं चिखलाची मडकी होऊन जातात. फोनवर अण्णांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "रंग सोडला तर ही आपली काळीच की!" आणि खरंच तसं आहे. दोन्हींत पाणी पिऊन फुगणाऱ्या एकाच गोत्राची खनिजं. ही ज्वालामुखीच्या राखेतून झालेली, आपली ज्वालामुखीच्याच काळ्या दगडातून. पुढचा सल्ला अण्णांनी न विचारता दिला : "पाऊस आला तर गाडी काढायचीच नाही. बसायचं तिथंच. उन्हानं रान वाळतं." गेल्या वर्षी दीड दिवस तसे बसलो. वरचं पाणी त्यासाठीच असतं. पत्त्यांचे बरेच डाव झाले.

निघण्यापूर्वी वाटेचा नकाशा आणि परतायची वेळ एका मित्राकडे असते. वेळ टळली आणि माझा निरोप आला नाही, तर त्याने त्या भागातल्या शेरीफला फोन करायचा. उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्रही खिशात असतं, पण त्याची बॅटरी संपू शकते. मित्राची नाही.

तर ३५६ किलोंचं वाटप असं झालं. छप्पर ८०, झोपायला प्लायवूडचा घरी केलेला ओटा ३०, फ्रिज ३५, लिथियमची बॅटरी १२, पाणी ८०, हत्यारं आणि रुतल्यावरचं सामान ४५, अंथरूण-कपडे-स्वयंपाक ४०, जास्तीचं पेट्रोल १५, आणि संडासाचा बंद डबा ५. (इथल्या काही भागांत सगळं सोबत परत आणावं लागतं. येताना डबा जड होतो, पण तोवर पाणी संपलेलं असतं.) शिल्लक १४ किलो.

त्यावर मुलीने दावा सांगितला आहे. तिला तारे बघायची दुर्बीण न्यायची आहे. काट्यावर ठेवून पाहिली, तिकाटण्यासकट १२ किलो भरली. मंजूर केली.