वांकड्या रेषेची बाजू

जपानांत २०१४ सालीं ‘पिंग पाँग’ ही अकरा भागांची चलच्चित्रमालिका दूरचित्रवाणीवर आली. ताइयो मात्सुमोतो यांच्या चित्रकथेवरून ती मासाआकी युआसा यांनीं दिग्दर्शित केली. टेबल-टेनिस खेळणाऱ्या शाळकरी मुलांची ही गोष्ट. परंतु तिच्यांतील माणसें सुबक नाहींत. चेहरे ओबडधोबड, रेषा कांपऱ्या, फटका मारतांना हात भलतेच लांबलेले. हीं चित्रें कुरूप आहेत, असें म्हणून कित्येक प्रेक्षकांनीं पहिल्याच भागानंतर पाठ फिरविली.

आम्हांस हा आक्षेप पटत नाहीं. सुबकपणा हा चित्राचा एक गुण खरा, पण तो एकमेव नव्हे. या कथेंतील साकुमा जिवापाड मेहनत करितो, तरी उपजत देणगी लाभलेल्या बालमित्रापुढें, त्सुकिमोतोपुढें, हरतो. चिनी संघांतून वगळला गेलेला कोंग वेन्गे मायदेशीं मानानें परतण्यासाठीं झुंजतो, आणि तोहि हरतो. कष्टाला फळ हटकून येतें, असें खेळाच्या गोष्टी बहुधा सांगतात. ही तसें सांगत नाहीं. अशा पराभवाला गुळगुळीत चेहरा दिला असता, तर तो खोटा ठरला असता. घामानें निथळणारा, मनांतून खचलेला माणूस रेखीव दिसत नसतो.

मुलांना केवळ विजेत्यांच्याच कथा ऐकविणाऱ्या आपणां वडीलधाऱ्यांनीं ही मालिका त्यांच्या शेजारीं बसून पाहावी. दोनतीन भागांत डोळा रेषेला सरावतो. आणि मग हरलेल्या मुलाकडे कसें पाहावें, हेंहि थोडें उमगतें.